ठणठणीत माणसावर आरोग्य विम्याची सक्ती असावी का? बेळगावच्या इन्शुरन्स डेस्कवरून उत्तर

प्रश्न बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका 31 वर्षांच्या तरुणाचा आहे. तो लिहितो: "मला कसलंही व्यसन नाही, रोज सकाळी पळायला जातो, पाच वर्षांत दवाखान्याची पायरी चढलेलो नाही. गेल्या वर्षी सुपरवायझर झालो, पगार वाढला आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, बंद झालं. आता घरचे आरोग्य विमा काढ म्हणून मागे लागलेत. मित्र म्हणतात, सरकारने तो सगळ्यांनाच सक्तीचा करावा. जो आजारीच नाही त्याच्यावर सक्ती कशासाठी?"

माझं मत आधीच सांगते. सक्ती असावी. पण ज्या दिवशी तुमच्यावर विमा घेण्याची सक्ती येईल, त्याच दिवशी विमा कंपनीवर तो देण्याची सक्ती यायला हवी, आणि घराजवळच्या इस्पितळात तो चालेल याची हमीही मिळायला हवी. यातली पहिलीच गोष्ट आली आणि बाकीच्या दोन राहिल्या, तर मी त्या सक्तीच्या विरोधात उभी राहीन.

मी सात वर्षं खानापूर तालुक्यातल्या एका पीकेपीएसमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी सोसायटीत, क्लार्क होते. त्यानंतर पंधरा वर्षं बेळगावातल्या एका खासगी इस्पितळाच्या इन्शुरन्स डेस्कवर काढली. सोसायटीत असताना सोनेतारण कर्जाचं रजिस्टर माझ्याकडे असायचं. त्यात कर्जाचं कारण लिहायचा एक रकाना होता. मे महिन्यात तिथे "बी-बियाणे" यायचं, तुळशीच्या लग्नानंतर "लग्नकार्य". एकच कारण बाराही महिने यायचं: "दवाखाना". समोर टेबलावर गंठण, पाटल्या, कधी लहान पोराची साखळी. आणि ते सोनं ज्यांच्या दवाखान्यासाठी ठेवलं जायचं, त्यांतले बरेचसे तुमच्यासारखेच असायचे. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ठणठणीत. ऊसतोडीला जाणारे, गवंडीकाम करणारे, सायकलवरून दूध घालणारे.

त्या रजिस्टरने मला एक गोष्ट शिकवली. विमा नसलेला माणूस बिनविम्याचा कधीच नसतो. त्याचा विमा त्याच्या बायकोच्या अंगावर असतो, भावाच्या सातबाऱ्यावर असतो, मेहुण्याच्या हातउसन्या पैशांत असतो. हप्ता भरायचा नाही हे तो एकटा ठरवतो, पण नुकसान भरून द्यायची पाळी आली की त्या घरातल्या कुणालाच नाही म्हणायची सोय नसते. तुम्ही विचारता, सक्ती कशासाठी. मी म्हणते, सक्ती आजही आहे. ती तुमच्या माणसांवर आहे आणि तिची पावतीसुद्धा मिळत नाही. गाडीचा थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केला तोही याच कारणाने. धडक दिलेल्याच्या खिशात पैसे नसले तर धडक बसलेल्याने कुठे जायचं? आपण तो विमा मुकाट्याने भरतो.

आता हिशेब बघा. समजा 100 माणसांनी मिळून एक निधी केला आणि वर्षाला त्यांतल्या एकावर 2 लाखांची शस्त्रक्रिया होते. माणशी 2,000 रुपये बसले. आता त्यांतले 40 धडधाकट जण म्हणाले, "आम्हाला काय होतंय?" आणि बाहेर पडले. आजारी पडणारा आतच राहिला, कारण त्याला गरज आहे. उरलेल्या 60 जणांवर 3,333 रुपये आले. ते ऐकून त्यांतले जरा बरे असलेले आणखी 20 गेले. आता 40 जणांवर 5,000. पुढच्या वर्षी त्या निधीत फक्त दुखणाईत माणसं राहतात आणि तो बुडतो. यात कुणीच लबाडी केलेली नाही. जो तो आपल्यापुरतं शहाणपणाने वागला आणि सगळ्यांचं मिळून नुकसान झालं.

हे मी कागदावर शिकले नाही. 2003 मध्ये कर्नाटकात यशस्विनी योजना सुरू झाली, सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी. माणशी महिन्याला 5 रुपये, वर्षाला 60, आणि बदल्यात शस्त्रक्रियेचा खर्च. नोंदणीसाठी मी आणि आमचे सेक्रेटरी गावोगाव फिरलो. देवळाच्या कट्ट्यावर टेबल मांडायचं, रेशनकार्ड बघायचं, फोटो चिकटवायचा. पहिल्या दिवशी कोण यायचं? जिला डॉक्टरने पिशवी काढायला सांगितलीय ती मावशी. हर्नियाला पट्टा बांधून फिरणारे आजोबा. किडनी स्टोनवाला. धडधाकट पोरं लांबून बघत उभी राहायची. एकाला मी हाक मारली तर म्हणाला, "मला काय झालंय ओ ताई? बैलागत राबतोय की." साठ रुपये त्याला जड नव्हते. पैसे भरून बदल्यात हातात काहीच येत नाही, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. आपल्याकडे भिशीची सवय आहे. भिशीत घातलेला रुपया एक ना एक दिवस परत येतो. विम्याचा रुपया परत न येणं हेच चांगलं, हे समजावताना माझा घसा बसायचा.

आमचे सेक्रेटरी पुढच्या वर्षी शहाणे झाले. संचालक मंडळाचा ठराव करून त्यांनी सभासदांच्या लाभांशातूनच रक्कम वळती केली आणि ज्याला नको असेल त्याने येऊन अर्ज द्यावा असं सांगितलं. अर्ज द्यायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आले. यात सक्ती किती आणि सोय किती, तुम्हीच ठरवा. मला मात्र तेव्हापासून वाटतं की दंडाची भीती घालण्यापेक्षा हप्ता आपोआप कापला जाण्याची व्यवस्था जास्त माणुसकीची आहे. पुढे 60 चे 120 झाले तेव्हा नोंदणी घटली, हेही मी पाहिलं. 2018 मध्ये यशस्विनी 'आरोग्य कर्नाटक' या राज्य सरकारच्या योजनेत विलीन झाली आणि 2022-23 मध्ये परत सुरू झाली. आता ग्रामीण भागात चौघांच्या कुटुंबाला 500 रुपये आणि 5 लाखांपर्यंतचे उपचार.

तुम्हाला सक्ती नवी वाटते, पण ती तुम्ही गेल्या वर्षीपर्यंत जगत होता. ईएसआय म्हणजे दुसरं काय? 1948 च्या कायद्याने ते आलं. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या प्रत्येकाला ते लागू होतं आणि तब्येत कशी आहे हे कुणी विचारत नाही. 18,000 पगार असेल तर तुमचे 0.75 टक्के म्हणजे 135 रुपये, मालकाचे 3.25 टक्के म्हणजे 585. तुम्ही पाच वर्षं पळायला जात होता तेव्हा तुमच्या 135 रुपयांतून शेजारच्या फाउंड्रीतल्या एखाद्या मोल्डरच्या बायकोचं बाळंतपण झालं असेल, कुणाच्या वडिलांचं डायलिसिस चाललं असेल. तुम्हाला तेव्हा ती सक्ती टोचली नाही, कारण पगारपत्रकातल्या त्या ओळीकडे लक्षच गेलं नाही.

ईएसआयचं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. रांगा आहेत, औषधं बाहेरून आणावी लागतात, रेफरल मिळेपर्यंत जीव टांगणीला लागतो. पण तिथे कुणालाही "तुम्हाला हा आजार आधीपासून होता" म्हणून परत पाठवत नाहीत. आणि त्याची मोठी खोट अशी की ज्याला बढती मिळते तो बाहेर फेकला जातो, ज्याच्या घरात दोन-तीन माग आहेत तो आत येतच नाही. वडगाव-शहापूरचा विणकर, खानापूरचा काजू फोडणारा, स्वतःची टेम्पो चालवणारा, यांना कुणी धनीच नाही.

आता कंपन्यांच्या बाजूकडे येते, कारण माझं मन तिथेच अडकतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रीचे सव्वाअकरा. चिक्कोडी भागातला 38 वर्षांचा ट्रॅक्टर ड्रायव्हर, छातीत दुखतंय म्हणून आणलेला. सोबत आई, भाऊ आणि प्लास्टिकच्या पिशवीत पॉलिसीचे कागद. पॉलिसी चौदा महिन्यांची, 3 लाखांची. भावाच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसत होतं. मी कॅशलेसचा, म्हणजे बिल कंपनीने थेट इस्पितळाला द्यावं यासाठीचा, फॉर्म भरला, अँजिओग्राफीचा रिपोर्ट जोडला, पाठवला. दोन तासांनी क्वेरी आली: केसपेपरची प्रत पाठवा. केसपेपरवर कॅज्युअल्टीतल्या ज्युनिअर डॉक्टरने लिहिलं होतं, "बीपी, चार वर्षांपासून." त्याने विचारलं होतं आणि आईने खरं ते सांगितलं होतं: "हाय की, चार वर्सं गोळी खातोय." पॉलिसीच्या अर्जावर मात्र बीपीपुढे "नाही" अशी खूण होती. एजंटाने चहाच्या टपरीवर कोऱ्या अर्जावर सही घेतली होती आणि सगळीकडे "नाही" लावून टाकलं होतं. सकाळी नकाराचं पत्र आलं, माहिती लपवली म्हणून. दुपारी आईने पाटल्या काढून धाकट्याच्या हातात दिल्या. तिला वाटत होतं की कंपनीचे कागद कुठेतरी कमी पडले. तिच्या एका वाक्याने काय झालं ते मी तिला सांगितलं नाही. आजही सांगणार नाही.

निरोगी माणसाला सक्तीने आत आणायचं तर ही चौकशीच संपवावी लागते. सगळेच आत असतील तर कुणाला बीपी आहे हे शोधायची कंपनीला गरज काय? स्वित्झर्लंडमध्ये 1996 पासून मूलभूत आरोग्य विमा प्रत्येक रहिवाशाला सक्तीचा आहे आणि त्या मूलभूत विम्याला कंपनी कुणालाही नाही म्हणू शकत नाही. आजारी आणि निरोगी प्रौढांना एकाच भागात, एकाच कंपनीत, एकसारख्या अटींवर सारखाच हप्ता, आणि गरिबाच्या हप्त्याला सरकारची मदत. अमेरिकेत 2010 च्या कायद्याने हीच जोडी केली: कंपनीने नाकारायचं नाही आणि माणसाने विम्याशिवाय राहायचं नाही, राहिला तर दंड. तो दंड वैध असल्याचा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये दिला, तो एक प्रकारचा कर आहे असं म्हणून. पुढे 2017 च्या कायद्याने 2019 पासून दंड शून्यावर आणला. तरी तो बाजार कोसळला नाही, कारण हप्त्याला मिळणारी सबसिडी चालू राहिली. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की दंडापेक्षा मदत माणसाला जास्त धरून ठेवते.

आपल्याकडे काही गोष्टी सुधारल्या आहेत. 2024 पासून पॉलिसीच्या आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबायचा काळ जास्तीत जास्त 48 महिन्यांवरून 36 महिन्यांवर आला. पाच वर्षं सलग हप्ते भरले की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवली या कारणाने दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षं होती. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटीही गेला. पण कंपनी आजही अर्ज सरळ परत करू शकते. मधुमेहाचा पाय कापलेला माणूस हप्ता घेऊन दारात उभा राहिला तरी त्याला विमा मिळेलच असं नाही. तोवर सक्तीचा कायदा केला तर तो निरोग्यांना कंपन्यांच्या दारात हाकलण्याचा कायदा होईल.

आपल्या भागात यावर आणखी एक गाठ बसते. कागवाडहून मिरज हाकेच्या अंतरावर, निपाणीहून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. मिरजेचं वॉनलेस इस्पितळ 1894 पासून अनेक पिढ्या या भागाचं दवाखान्याचं माहेर होतं. पण सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड राज्याचं असतं. कर्नाटकात बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या 30 टक्के आणि तेही दीड लाखापर्यंत. तातडीची केस सोडली तर आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. माझ्याकडे निपाणीकडची माणसं रेफरलच्या एका कागदासाठी पेशंटला गाडीत बसवून ठेवून हेलपाटे घालताना मी पाहिली आहेत. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्याला कर्नाटकाने हरकत घेतली. कोण बरोबर यात मी पडत नाही. हृदयविकाराच्या पेशंटला सीमा दिसत नाही, एवढं मात्र मी पाहिलंय. सक्ती करायची तर तो विमा रुग्ण जिथे वेळेत पोचेल तिथे चालला पाहिजे, मग ते इस्पितळ कुठल्याही राज्यात असो.

आणि भाषा. सरकारी अर्ज कन्नडमध्ये, पॉलिसी इंग्रजीत, सही करणारी आजी मराठी. जे वाचता येत नाही त्याची सक्ती कशी करणार? पॉलिसीसोबत येणारं ग्राहक माहिती पत्रक स्थानिक भाषेत मागता येतं. मराठीत मागा. मी पंधरा वर्षांत ते मागून घेतलेला एकही माणूस पाहिला नाही.

सक्तीविरुद्धचा सगळ्यात खरा मुद्दा तुम्ही मांडला नाहीत, म्हणून मी मांडते. काउंटरवर पहिला प्रश्न काय येतो? "इन्शुरन्स आहे का?" हो म्हटलं की खोलीचा वर्ग बदलतो, तपासण्या वाढतात, दोन दिवसांचं काम चार दिवसांवर जातं. सगळ्यांचं नाव सक्तीने आत घातलं आणि इस्पितळांच्या दरावर लगाम नसला, तर तुमचा हप्ता थेट बिलात जिरेल. खासगी इस्पितळांनी दरपत्रक लावण्याचा कायदा कर्नाटकात आहे. तो 2017 मध्ये कडक करायला निघाले तेव्हा ऐन विधिमंडळ अधिवेशनाच्या काळात राज्यभरचे डॉक्टर बेळगावात आंदोलनाला जमले होते आणि कायदा बराच मवाळ होऊन मंजूर झाला. डॉक्टरांच्याही काही तक्रारी रास्त होत्या. पण दर ठरल्याशिवाय सक्ती, याला माझा विरोध आहे.

पीक विम्याचं आपण पाहिलंच. कर्ज घेतलेल्या शेतकऱ्याला तो सक्तीचा होता, हप्ता कर्जातूनच कापला जायचा, आणि भरपाई कधी, किती, कुणाला, हे कुणी सांगायचं नाही. 2020 च्या खरिपापासून तो ऐच्छिक करावा लागला. सोसायटीच्या काउंटरवर त्या कापलेल्या हप्त्यावरून मी खाल्लेल्या शिव्या अजून कानात आहेत. पैसे घेताना सक्ती आणि देताना मर्जी, असं झालं की माणूस विमा या शब्दालाच विटतो.

आता तुमच्यापुरतं. सक्तीचा कायदा येईल तेव्हा येईल, तुम्ही त्याची वाट बघू नका. नवी पॉलिसी घेतल्यावर अपघात सोडून पहिले 30 दिवस काही मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, मुतखडा अशा ठरावीक आजारांना सहसा दोन वर्षं थांबावं लागतं, आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत. म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणली तर तिला पाणी तीन वर्षांनी लागतं. तुमच्यासारख्या ठणठणीत माणसाने आज घेतला तर ही सगळी मुदत पळता पळता निघून जाईल.

आधी कारखान्यात विचारा, ईएसआयबाहेर गेलेल्यांसाठी ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे मालकाने सगळ्यांसाठी एकत्र काढलेला विमा, आहे का. बऱ्याच ग्रुप पॉलिसींत आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात आणि आई-वडिलांनाही घेता येतं. पण नोकरी सुटली की ती सुटते, म्हणून स्वतःची एक छोटी पॉलिसी वेगळी ठेवा. ईएसआयचंही कार्ड लगेच फेकू नका. पगार सहामाहीच्या मध्येच 21,000 च्या वर गेला असेल तर ती सहामाही, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, संपेपर्यंत वर्गणी चालू राहते आणि तिचा लाभ त्यानंतरही काही महिने मिळतो. तुमची तारीख कुठे पडते ते ईएसआयच्या शाखेत जाऊन बघा. घर शेतकऱ्याचं असेल आणि वडील सोसायटीचे सभासद असतील तर यशस्विनीची नोंदणी कधी उघडते ते सेक्रेटरींना विचारून ठेवा.

आणि अर्ज स्वतः भरा. एजंट कितीही ओळखीचा असला, गल्लीतला असला, मंडळातला असला, तरी कोऱ्या कागदावर सही करू नका. आईचं नाव घालणार असाल तर तिच्या गोळ्यांचा डबा आणि जुन्या चिठ्ठ्या घेऊन बसा. बीपीची पहिली गोळी कोणत्या साली लिहून दिली ते त्या चिठ्ठीवर बघा आणि तेच साल अर्जावर लिहा. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्या. उद्या कॅज्युअल्टीत ती जे सांगेल तेच कागदावरही असू दे.